तिरंदाज, नावाडीण आणि सेकंड शिफ्ट

तिरंदाज आणि नावाडीण यांचं एकमेकांवर प्रेम आहे, हे आमच्या घरात सगळ्यांच्या आधी मला कळलं. लेखकाला तर ते शेवटच्या भागापर्यंत कळलं नाही. त्याच्या मते ते दोघे नुसते मित्र होते. प्रत्येक भागात तो कुठेतरी लिहायचाच, अशी मैत्री त्रिभुवनात झाली नाही. गेलं उडत ते त्रिभुवन! मी सातवीत होते, पण मला डोळे होते.

ही जादूच्या पुस्तकांची मालिका नागपूरहून यायची. बाबांचा एक गाववाला रेल्वेत होता, तो भिलाई-तीन स्टेशनावर उतरला की नवा भाग आणून द्यायचा. कधी महिन्यानं, कधी तीन महिन्यांनी. गोष्ट अशी, की एका राजपुत्राला चेटकिणीनं दगड करून टाकलंय आणि त्याचे दोन सोबती त्याला सोडवायला निघालेत. एक तिरंदाज, दुसरी नावाडीण. वाटेत आरशांचं गाव लागतं, आगीची नदी लागते, बोलणारी झाडं लागतात. राजपुत्र दगड असूनही त्याच्या प्रेमाला लेखक चार-चार पानं द्यायचा, चांदण्यासकट. आणि हे दोघं बिचारे जिवावर उदार होऊन फिरायचे, त्यांना एक ओळ नाही.

पुस्तक वाचायची माझी आत्या. बाबांची धाकटी बहीण. लग्न होऊन वर्ष झालं नाही तोच नवरा तापानं गेला, तेव्हापासून ती आमच्याकडे होती. गावाकडे चौथीपर्यंत शिकली होती आणि वाचायची अशी, की चेटकीण बोलायला लागली की माझा लहान भाऊ आईच्या पदरात शिरायचा. आईला वाचता येत नव्हतं, बाबा शाळेत गेलेच नव्हते. त्यामुळे संध्याकाळी भांडी घासून झाली की मागच्या अंगणात खाट टाकायची, दाराचा बल्ब लावायचा आणि आत्याचं वाचन, रोज थोडं थोडं, नवा भाग येईपर्यंत जुनाच पुन्हा.

अंगणाला कमरेएवढी भिंत होती. भिंतीपलीकडे शेजारचं क्वार्टर, त्यात एक क्रेनवाला एकटाच राहायचा. भंडाऱ्याकडचा, शेतकरी घरातला. मी त्याला काका म्हणायची. बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये खलाशी होते, म्हणजे लोखंडाचे मोठमोठे तुकडे साखळ्यांनी बांधून वर चढवणाऱ्या टोळीत. दोघं एका शिफ्टला असले की काका वर क्रेनमध्ये बसायचा आणि बाबा खालून हातानं खुणा करायचे. त्या कल्लोळात तोंडाचा उपयोग नाही, असं बाबा सांगायचे. मूठ वळली की थांब, पंजा खाली की हळू सोड. तिसऱ्या भट्टीचं काम तेव्हा जोरात होतं आणि ह्या दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नव्हतं.

काकाही भिंतीला टेकून गोष्ट ऐकायचा. पण शिफ्ट! फर्स्ट किंवा नाइट असली तर तो संध्याकाळी घरी असायचा. सेकंड लागली की दुपारी दोनला गेलेला माणूस रात्री परतायचा, तोवर आमचं त्या दिवसाचं वाचून झालेलं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी तो भिंतीशी यायचा नि विचारायचा, "काल काय झालं मंग?" आत्या नळावर कपडे धूत असायची. हात पुसून ती त्याला कालचं सगळं तोंडी सांगायची. आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत ही रीतच होती. कोणाचं काही चुकलं, भजन असो की भांडण, तर ज्याची शिफ्ट मोकळी होती त्यानं दुसऱ्याला सांगायचं.

सांगून झालं की काका म्हणायचा, "पानी द्या जरा." त्याच्या घरात नळ नव्हता की काय? होता. पण पाणी त्याला आत्याच्या लोट्यातलंच लागायचं. आता हे पाणी म्हणजे साधी गोष्ट नव्हती. बाबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली, आमच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर. लाइनीतल्या काही बायका आमच्याकडे हळदीकुंकवाचं नाव काढायच्या नाहीत आणि आईनं दिलेला चहा नको म्हणताना त्यांना हमखास ॲसिडिटी व्हायची. काका मात्र मान वर करून घटाघटा प्यायचा.

मी तेव्हा पुस्तकातल्या खुणा शोधण्यात गुंग होते. तिरंदाजाकडे धनुष्याची एकच दोरी, ती त्यानं नावाडिणीचं मोडलेलं वल्हं बांधायला दिली. मग वाघ आला तेव्हा हा काठी घेऊन उभा! आरशांच्या गावात प्रत्येकाला ज्याची सगळ्यात भीती ते आरशात दिसतं. नावाडिणीला काय दिसलं, तर रिकामी नाव. आता तिच्या नावेत बसणारा दुसरा होता कोण? पूल ओलांडायला राक्षसानं एक आठवण मागितली, तर तिरंदाजानं आईच्या अंगाईची आठवण देऊन टाकली, पण नदीवरची पहिली भेट काही दिली नाही. मी हे सगळं आत्याला मुद्देसूद सांगितलं.

आत्या फणकारली. "दोस्त हायेत ते. दोस्तानं दोस्तासाठी एवढं करू नाही का?"

"पण आईची आठवण दिली न त्यानं!"

"तुले लय समजते. जाय, भूगोल वाच."

एवढं चिडण्यासारखं त्यात काय होतं, ते मला कळेना.

त्याच दिवसांत आत्याच्या पाटाचं, म्हणजे दुसऱ्या लग्नाचं निघालं. तुमसरकडचा एक बिजवर होता, पदरात तीन पोरं. माणूस वाईट नव्हता म्हणे. बायको जाऊन वर्ष झालेलं, घर सांभाळायला कोणी पाहिजे होतं. कोणी म्हणजे कोणीही, असं आत्या आईला म्हणाली, ते मी ऐकलं. "त्याले बाई नाही पायजे वहिनी, दोन हात पायजेत." आई बिचारी काय बोलणार? दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं होतो. दिवाळी झाली की त्या लोकांना होकार कळवायचा ठरलं. आत्यानं नाही म्हटलं नाही, होही म्हटलं नाही. भावाच्या घरी राहणाऱ्या बाईनं कारण दिल्याशिवाय नाही म्हणायची सोय नसते, आणि कारण तर भिंतीपलीकडे मूग गिळून बसलं होतं. पण हे मला तेव्हा कुठे ठाऊक! मला पुस्तकातलं प्रेम दिसत होतं, अंगणातलं नाही.

ते दिसलं आगीच्या नदीच्या भागात. त्या आठवड्यात काका सेकंडला होता आणि बाबा नाइटला. सकाळची वेळ, बाबा आतल्या खाटेवर तोंडावर पंचा टाकून झोपलेले. मी अंगणात बसून वेणी घालत होते. आत्या भिंतीपाशी काकाला सांगत होती, की नदी आली, चेटकिणीची माणसं नावाडिणीला पलीकडच्या काठावर न्यायला आली, आणि तिरंदाज गप उभा राहिला.

"मंग नावाडीण त्याले म्हणते," आत्या म्हणाली, "त्या काठावर माई वाट पाहणारं कोणी नाही. तू थांब म्हण, मी थांबते."

माझी वेणी हातातच राहिली. असं पुस्तकात नव्हतं! मी शेजारी बसून ऐकलं होतं, आणि रात्री स्वतः वाचलंही होतं. पुस्तकात नावाडीण म्हणते, सांभाळून जा. बस. पुढच्या ओळीला भाग संपतो.

"मंग तो काय म्हणाला?" काकानं विचारलं.

"काईच नाही. लिवलंच नाही पुढं."

काकानं लोटा भिंतीवर ठेवला. मग म्हणाला, "भेव वाटलं असंल त्याले."

"कायचं भेव? वाघाले भेत नाही तो."

"वाघाचं सोडा. घरी माय असंल त्याची. ते नावाडिणीच्या हातचं पानी पिईल काय, हा इचार करून राहिला असंल."

"मायनं प्यावं असं कोण म्हणते?" आत्या म्हणाली. "त्यानं प्यावं ना." आणि कपडे आपटायला लागली, असे की साबणाचं पाणी माझ्या तोंडावर उडालं.

मी उठून आत गेले.  एवढी हुशार मी, महिनोन् महिने पुस्तकाची पानं चाळतेय आणि माझ्या डोळ्यांसमोर रोज सकाळी काय चाललंय त्याचा पत्ता नाही! त्या दिवसापासून मी सकाळी वेणी घालायला अर्धा तास लावू लागले. आत्या सांगायची त्यात दर वेळी थोडं पुस्तकातलं आणि थोडं तिचं असायचं. नावाडीण विचारायची, तिरंदाज काहीतरी पुटपुटायचा. पण थांब हा शब्द काही काकाच्या तोंडून निघत नव्हता. मला तर वाटायचं, भिंतीवर चढावं आणि त्याला गदागदा हलवावं.

दिवाळीच्या आधी काकाची आई गावाहून आली. सडपातळ, करारी बाई. दुसऱ्या दिवशी सकाळी काका अंगणात आला तेव्हा म्हातारी दारात तांदूळ निवडत बसली होती. आत्यानं रोजच्यासारखा लोटा भरून भिंतीवर ठेवला. काकानं लोट्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि "तहान नाही," म्हणून आत निघून गेला.

आत्यानं लोटा उचलला, पाणी तुळशीविना असलेल्या आमच्या अंगणात एका झेंडूच्या रोपाला घातलं आणि भाजी चिरायला बसली. मला काकाचा इतका राग आला की काय सांगू. वाघाला काठीनं मारायला निघालेला तो दुसराच कोणी, असं मनात म्हटलं.

नंतरही काका सेकंडला होता. एका सकाळी म्हातारी आंघोळीला गेलेली पाहून तो भिंतीशी आला. "काल काय झालं मंग?"

"काई झालं नाही," आत्या म्हणाली. "पुस्तकात आहे तेवढंच झालं."

मग सांगणं बंद पडलं. आत्या वाचायची, पण बातम्या वाचाव्यात तशी. भाऊसुद्धा चेटकिणीला घाबरेना. दिवाळी झाली. बाबांनी तुमसरला निरोप धाडला, रविवारी या.

त्या आठवड्यात एका दुपारी आई आणि आत्या सुपेल्याच्या बाजाराला गेल्या होत्या. बाबा उठून खाटेवर बसले नि मला म्हणाले, "इकडं ये. ते आगीच्या नदीचं पुस्तक आन."

मी आणलं.

"त्यात ते नावाडीण म्हणते काय, का तू थांब म्हण, मी थांबते?"

 म्हणजे पंचाखाली बाबा झोपलेले नव्हतेच! रोज सकाळी, नाइट करून आलेला हा माणूस, जागा राहून गोष्ट ऐकत होता. आत्याचं काय होणार ते माझ्या उत्तरावर होतं. मी म्हटलं, "हाव. म्हणते ना."

"वाच."

मी पान काढलं, ओळीवर बोट ठेवलं आणि आत्यानं सांगितलेलं शब्द न् शब्द वाचलं. त्या काठावर माझी वाट पाहणारं कोणी नाही, वगैरे. आवाजही तसाच लावला.  मग बाबांनी पुस्तक स्वतःकडे ओढलं. काळं पडलेलं नख त्याच ओळीखाली ठेवलं आणि एकेक अक्षर लावत वाचायला लागले, "ना-वा-डी-ण म्ह-णा-ली, सां-भा-ळू-न जा."

 "बाबा! तुम्हाले वाचता येते?"

"प्लांटच्या वर्गात जाऊन राहिलो पावसाळ्यापासून. तुया मायले सांगू नको, तिले एकदम पेपर वाचून दाखवतो." पुस्तक मिटून ते म्हणाले, "खोटं बाकी लय चांगलं वाचतं तू." ते रागावले होते की हसत होते, मला समजेना. मग त्यांनी विचारलं, "आता कावून सांगत नाही ते त्याले? आठ दिवस झाले, मी कान लावून बसून राहिलो."

मी लोट्याचं सांगितलं.  बाबांनी विडी पेटवली आणि ती न ओढताच त्यांच्या हातात संपली.

त्या संध्याकाळी काकाची सुट्टी होती. अंगणात खाट टाकली, आत्या पुस्तक घेऊन बसली. बाबा भिंतीशी गेले आणि हाक मारली, "गड्या, बाहेर ये." काका आला. त्याची आई मागून दारात येऊन उभी राहिली. आमच्या आईनं डोळ्यांनीच मला खुणावलं, काय झालं म्हणून. मी खांदे उडवले.

बाबा म्हणाले, "रविवारी पाहुणे येऊन राहिले. त्याच्या आधी मले एक विचारायचं हाय. नदीवर थांब म्हणायचं कोणाच्या मनात होतं? पुस्तकात तं नाही ते. मी वाचलं."

 आत्या झटकन म्हणाली, "मी बनवलं ते, दादा. माया मनचं. यांचा काई संबंध नाही." म्हणजे तिनं त्याला सुटायला दार उघडून दिलं. काकाला फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात तर त्याचा हात कोणी धरला नसता.

 काकानं हळूहळू हात वर केला आणि मूठ वळली. क्रेनची खूण. थांब.

बाबा भडकले. "इथं मशिनी चालून राहिल्या काय? हात कायले दाखवतं? तोंडानं बोल!"

"अरे, घरात ये," मागून म्हातारी म्हणाली.

काकानं मागे पाहिलं. मग भिंतीवरून वाकून त्यानं भिंतीलगतच्या आमच्या माठावरचा लोटा स्वतःच उचलला, बुडवला आणि आपल्या आईसमोर उभ्यानं पाणी प्यायला. अर्धं शर्टावर सांडलं. लोटा खाली ठेवून तो आत्याला म्हणाला, "थांब." तोवर तो तिला कधी तू म्हणाला नव्हता.

आत्या उठली. मला वाटलं, आता ही रडेल नाहीतर लाजेल. कशाचं काय! ती कडाडली, "इतके दिवस तोंडाले कुलूप लावून बसले होते काय? पाहुन्यासाठी डाळ निवडून ठेवली मी! माई वाट पाहू पाहू कंबर मोडली त्या नळावर, आन् आता सांगून राहिले थांब!" आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. मग आतून रडण्याचा आवाज आला, मोठ्यानं, मोकळा. आईही रडायला लागली. मी पण. बाबा काकाला म्हणाले, "घरचे?"

"येनार नाहीत."

"चालते," बाबा म्हणाले. "आमी हाओत."

रविवारी बाबांनी त्या पाहुण्यांना जेवू घालून, हात जोडून परत पाठवलं. लग्न दुर्गला नोंदवून झालं, बुद्धाच्या तसबिरीपुढे दोन फुलांचे हार घालून झालं. काकाची आई त्या संध्याकाळनंतर दुसऱ्याच दिवशी गावाच्या गाडीत बसली होती. ती पुढे किती तरी वर्षं आली नाही. आली तेव्हाही स्वतःचं पाणी स्वतः भरून घ्यायची, आणि आत्या ते बघून न बघितल्यासारखं करायची. हेही सांगायला पाहिजे, नाहीतर मी त्या लेखकासारखी अर्धंच लिहीन.

मी काकाला काकाच म्हणत राहिले. मधल्या भिंतीच्या चार-पाच विटा बाबांनी आणि त्यानं मिळून काढल्या, जायला-यायला वाट झाली.

मालिकेचा शेवटचा भाग आला तो पुढच्या उन्हाळ्यात. काकाची सुट्टी होती, तो आत्याच्या शेजारी खाटेवरच बसला होता. बाबांना आता उघडपणे वाचता येत होतं, पण वाचन आत्याचंच. राजपुत्र दगडाचा पुन्हा माणूस झाला, चेटकीण जळून गेली, लग्नाचा सोहळा पाच पानं चालला. आणि मग तिरंदाज राजाच्या दरबारात सेनापती झाला आणि नावाडीण आपल्या नदीवर परत गेली. त्यांची मैत्री अमर राहिली, असं लिहून लेखकानं समाप्त म्हटलं.

मी ओरडलेच, "हे काय! एवढ्या सगळ्या खुणा, त्या कशाला होत्या मग?" आई चुकचुकली. बाबांनी पुस्तक घेऊन शेवटचं पान उलटून पाहिलं, मागे आणखी काही आहे का म्हणून. मागे कोरं होतं.

 तेव्हा काकानं पाय वर घेऊन मांडी घातली आणि आत्याकडे वळून म्हणाला, "मले काय माहीत काय झालं ते? मी तं सेकंडले होतो. सांग."

आत्यानं त्याच्याकडे पाहिलं. मग हात पदराला पुसले आणि सांगायला लागली.